तीन हाकांच्या आत

ऐकताय ना? सात नंबर बोलतोय. ड्रायव्हर नव्हे हो, त्याच्या गुडघ्याजवळचा मी. डॅशबोर्डखाली चार स्क्रूंवर लटकलेला काळा खोका, त्यातून निघालेली गुंडाळीची वायर आणि वायरीच्या टोकाला मुठीत मावेल असा माइक. लोक मला वायरलेस म्हणतात. नऊ वर्षं मी या काँक्रीटच्या गाडीत आहे आणि नऊ वर्षं दुसऱ्यांचंच बोलणं इकडून तिकडे नेतोय. आज पहिल्यांदाच स्वतःचं सांगायला बसलोय, तेव्हा जरा सांभाळून घ्या. तक्रार नाही माझी. उलट फार दिवसांनी जिवाला स्वस्थ वाटतंय, म्हणून तर तोंड उघडलं.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या, डोळ्यांना भिंगं लावून. एकीनं पोटात तारा जोडल्या, दुसरीनं झाकण लावलं आणि तिसरीनं माइक तोंडाजवळ धरून विचारलं, "एक, दोन, तीन, येतंय का ऐकू?" पलीकडच्या खोलीतून उत्तर आलं, "येतंय येतंय, जेवायला चल आता." माझ्यातून गेलेला पहिला निरोप हा असा, जेवणाचा. मला वाटलं, वा, चांगल्या घरी जन्माला आलो!

मग आम्हा बारा भावंडांना एका खोक्यात घालून या काँक्रीटच्या प्लांटवर आणलं. वायरमन आला, कानावर पेन्सिल, तोंडात स्क्रू. बोलता बोलता त्यानं मला बसवलं आणि जरा तिरकाच बसवला. "चालतंय, आवाज सरळच जाणार," असं म्हणून तो गेला. तेव्हापासून मी तिरका आहे. मला रस्ता दिसत नाही. दिसतो तो ड्रायव्हरचा गुडघा, गिअरचा दांडा आणि ब्रेकवरचा बूट. पण नऊ वर्षं एकाच माणसाचा पाय बघितला की पुढे काय चाललंय ते बरोबर कळतं.

आता कामाचं सांगतो. पाठीवर फिरता ड्रम घेऊन जाणारं ते धूड तुम्ही रस्त्यात पाहिलं असेलच आणि त्याच्या मागं अडकून चार शब्दही हासडले असतील. त्या ड्रममध्ये माल पडला की वेळ मोजायला सुरुवात. दोन तासांच्या आत तो साइटवर ओतला पाहिजे. नाहीतर आतल्या आत बसतो, मग माणूस ड्रममध्ये उतरवून तो दगडासारखा फोडावा लागतो. स्लॅब चालू असेल तर आणखी पंचाईत. एक गाडी आणि पुढची गाडी यांत फार वेळ गेला की जुना माल नव्याशी एकजीव होत नाही. म्हणून प्लांटवाल्यांच्या डोक्यात दिवसभर एकच भुंगा: गाडी कुठे पोचली?

आणि ते विचारायला मी.

आमचे ड्रायव्हर म्हणजे घड्याळकाका. लायसन्सवर दुसरं नाव आहे, पण ते वाचायची वेळ कधी कुणावर आली नव्हती. कधी आलीच तर पुढे सांगतो. सत्तावन्न वर्षांचा माणूस, उंच, गुडघे सदा स्टिअरिंगला टेकलेले. "चाळीस मिनिटं" म्हणाले की चाळीसच. एकोणचाळीस झाली तर गेटाबाहेर मिनिटभर थांबतील आणि मग आत घालतील गाडी, असं बाकीचे चिडवायचे. काका नुसते हसायचे. त्यांना आवडायचं ते.

प्लांटच्या साहेबांनी एक नियम घातला होता. कंट्रोलवरून, म्हणजे प्लांटवरच्या वायरलेसच्या खोलीतून, हाक आली की तीन हाकांच्या आत उत्तर. नाही आलं तर भिंतीवरच्या फळ्यावर त्या गाडीपुढे फुली, आणि फुली पडली की दुसऱ्या दिवशी ती गाडी रांगेत शेवटची. शेवटच्या गाडीला संध्याकाळची गर्दी मिळायची आणि ड्रायव्हरला घरच्या जेवणाचा वास विसरायला लागायचा. सगळ्यांना फुल्या पडल्या होत्या. सात नंबरला नऊ वर्षांत एकही नाही. काका ही गोष्ट नव्या माणसाला पाच मिनिटांत सांगायचे, आणि मीही मनातल्या मनात कॉलर ताठ करायचो. मला वाटायचं, हा मान माझाच.

मग दीड वर्षापूर्वी कंट्रोलवरचा म्हातारा निवृत्त झाला आणि त्याच्या खुर्चीवर कोण आलं? काकांची मुलगी. चोवीस वर्षांची, शिकलेली, आवाज खणखणीत. पहिल्या दिवशी तिची हाक माझ्यातून आली, "सात नंबर, सात नंबर, कुठे पोचलात?" काका इतके हरखले की बटण दाबायलाच विसरले आणि नुसतेच बोलत राहिले. घरी ती त्यांना "बाबा, मोजे कुठे टाकलेत?" म्हणून रागावायची, आणि हवेवर "सात नंबर, उत्तर द्या." हवेवर नातं लावायचं नाही, असं बापलेकीचं ठरलेलं. बाकीचे ड्रायव्हर टपलेलेच होते. ती बापाला सवलत देते का, हे बघायला सगळ्यांचे कान उभे. म्हणून ती सगळ्यांत कडक बापाशीच वागायची, आणि म्हणून काका तिच्या पहिल्याच हाकेला उत्तर द्यायला धडपडायचे. दुसरीपर्यंत जाऊ दिलं तरी त्यांना लेकीची मान खाली घातल्यासारखं व्हायचं.

याच सुमाराला तो कायदा आला.

मोबाइलवर बंदी आली होती त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हा मी त्या चपट्या दिखाऊ पोराला मनसोक्त हसून घेतलं होतं. म्हटलं, आपण कामाचे, आपल्याला कोण हात लावतोय! आणि आता माझीच पाळी. चालत्या गाडीत ड्रायव्हरनं माइक हातात धरायचा नाही. सिग्नलला उभी असली तरी ती चालतीच धरायची. गाडी बाजूला लावा, हँडब्रेक ओढा, मग काय बोलायचं ते बोला. पहिल्या चुकीला नोंद, दुसऱ्या चुकीला नोंद आणि तिसऱ्या नोंदीला लायसन्स तीन महिने जमा. काकांनी बातमी मोठ्यानं वाचली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता आपल्याला उपटून भंगारात टाकणार, हे नक्की.

पण साहेबांनी बातमी वाचली आणि घडी करून बाजूला ठेवली. जेवणाच्या सुट्टीत ड्रायव्हरांना म्हणाले, "कायदा आपल्या जागी, स्लॅब आपल्या जागी. तीन हाकांचा नियम आहे तसाच राहील. कसं जमवायचं ते तुमचं तुम्ही बघा."

कसं जमवलं सांगू? लपवाछपवी. कुणी माइक बाहीत धरायचा, कुणी हनुवटी खाली घालून गळ्याशी बोलायचा, जणू मान अवघडलीय. पोलीस दिसला की माइक मांडीखाली. सगळ्या गाड्यांमध्ये हीच रीत पडली. नऊ वर्षं मानानं हुकावर टांगलेला माझा माइक आता काकांच्या मांडीखाली घामेजून पडायला लागला. कायदा आल्यापासून मी सुटायच्या ऐवजी जास्तच वापरात आलो, फक्त चोरासारखा.

दोन नोंदी तर बघता बघता झाल्या. पहिली सिग्नलवर, दुसरी बाजाराच्या तोंडाशी. काकांनी दोन्ही कागद घडी करून माझ्या मागे खोचून ठेवले. घरात कुणाला सांगितलं नाही, प्लांटवर नाही, लेकीला तर नाहीच. आता एक चूक आणि लायसन्स जाणार. तीस वर्षं गाडीशिवाय दुसरं काही केलेलं नाही त्या माणसानं. सिग्नल आला की त्यांचा बूट ब्रेकवर थरथरायचा. मी बघत होतो ना.

आणि मग तो शाळेजवळचा दिवस. मला त्याचं सांगायचं नव्हतं, पण ते टाळलं तर बाकीच्याला अर्थ नाही.

सकाळची वेळ, ड्रम भरलेला. हाक आली, "सात नंबर, कुठे पोचलात?" काकांनी हात लांब केला, माइक हुकावरून निसटला आणि वायरीला लोंबकळून झुलायला लागला. दुसरी हाक. काका वाकले. क्षणभरच त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले, म्हणजे रस्त्यावर नव्हते. मग त्यांना काय दिसलं कोण जाणे, बूट ब्रेकवर असा आदळला की मागचा सगळा माल ड्रममध्ये पुढे येऊन धडकला आणि माझ्या स्क्रूंपैकी एक सैल झाला. बाहेर एक लहान मूल भोकाड पसरून रडत होतं. बाईचा आवाज आला, "डोळे कुठे आहेत तुमचे? डोळे?"

आणि त्याच वेळी माझ्यातून तिसरी हाक. "सात नंबर, ऐकताय?"

काकांनी माइक उचलला. "सात नंबर. दहा मिनिटं," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच. पलीकडून लेक म्हणाली, "ठीक." तिला काय माहीत! कुणालाच माहीत नव्हतं. माहीत होतं ते काकांना आणि मला, आणि आम्हा दोघांपैकी मला बोलता येत नव्हतं. त्या दिवसापासून मला माझ्याच आवाजाची भीती वाटायला लागली. हाक आली की वाटायचं, नको रे बाबा, आत्ता नको, आत्ता पुढे कोण असेल कुणास ठाऊक.

तीन आठवडे असेच गेले. काकांचा डबा अर्धा परत जायचा. मग एका मंगळवारी, मोठ्या स्लॅबची चौथी खेप घेऊन निघालो असताना, काका माइक हातात धरून बोलत होते आणि समोर ट्रॅफिकच्या मॅडम उभ्या.

शिट्टी वाजली. काकांनी गाडी बाजूला घेतली आणि सवयीनं माइक सरकवला मांडीखाली. घाईत माइकची जाळी वर राहिली आणि बटण दबलं सीटच्या कडेवर. माझा लाल दिवा लागला.

लाल दिवा म्हणजे काय, ते सांगतो. माझं बटण दाबलं की इथला आवाज सगळ्या गाड्यांत, प्लांटवर, साइटवर जातो. आणि दाबलेलं असेपर्यंत दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही, मलाही काही ऐकू येत नाही. एकानं दाबून धरलं की बाकी सगळ्यांची तोंडं बंद. नव्या सेटमध्ये मिनिटभरानं आपोआप सुटतं म्हणे. मी जुना. मी बसलो दिवा लावून. ओरडून सांगावंसं वाटत होतं, काका, उठा, मांडी उचला! पण मला स्वतःचा आवाज असता तर काय हवं होतं?

मॅडम पायरीवर चढल्या. "काका, हातात काय होतं?"

"कुठे काय मॅडम? काही नाही."

"मग हात खाली कशाला गेला?"

"गुडघा खाजत होता."

मॅडमनी लायसन्स मागितलं, नाव वाचलं, हातातल्या यंत्रात घातलं. मग त्या म्हणाल्या, "दोन नोंदी आहेत आधीच. तिसरी झाली तर तीन महिने गाडी बंद, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग कशाला करता हो असं? माझ्या वडिलांच्या वयाचे तुम्ही. तुम्हाला मी काय सांगायचं?"

एवढंच बोलल्या त्या, ओरडल्या वगैरे नाहीत. ओरडल्या असत्या तर काका गप्प बसले असते. पण या बोलण्यानं त्यांचा बांधच फुटला.

"मॅडम, खोटं बोललो. होता हातात," ते म्हणाले. "काय करू सांगा. तीन हाकांत उत्तर दिलं नाही तर फुली पडते. नऊ वर्षांत एक फुली नाही माझ्यावर. आणि हाक मारणारी कोण, तर माझी मुलगी. सगळे तिच्याकडे डोळे लावून बसलेले. तिला कसं सांगू, की बाई, नको मारू हाक?"

"सांगायचं सरळ."

"नाही सांगता येत. तीन आठवड्यांपूर्वी शाळेजवळ हा माइक उचलायला वाकलो आणि समोर एक बाई, तिचा मुलगा. एवढासा. ब्रेक लागला म्हणून. एक हात अंतर राहिलं असेल, जास्त नाही. त्याचं दप्तर चाकाखाली गेलं. दप्तर गेलं मॅडम, पोरगा राहिला. त्या रात्रीपासून डोळा लागत नाही माझा. आणि त्या वेळी हाक तिचीच चालू होती. तिला हे कळलं तर ती जन्मभर स्वतःला बोल लावेल. म्हणून गिळून बसलोय. रोज निघताना वाटतं, आज कुणाचं तरी पोर जाणार माझ्या हातून."

काका रडत होते. मोठा माणूस रडतो तेव्हा फार आवाज करत नाही, पण मी तेवढाही सगळीकडे पोचवत होतो. त्यांनी जे लेकीपासून लपवलं, तेच मी तिच्या कानात ओतत होतो. माझ्याइतका अगतिक प्राणी त्या क्षणी दुसरा नसेल.

"हा बघा, हाच," असं म्हणून काकांनी मॅडमना दाखवायला माइक मांडीखालून बाहेर काढला. बटण सुटलं. लाल दिवा गेला.

माझ्यातून नुसतीच खरखर आली. मग एक आवाज. खणखणीत नव्हता, ओला होता.

"बाबा."

काकांनी माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा, ऐकलं मी. सगळ्यांनी ऐकलं." ती थांबली. "एकट्यानं काय घेऊन बसलात हो हे?"

काकांनी बटण दाबलं, सोडलं. मग दुसराच आवाज आला. "तीन नंबर बोलतोय. गाडी बाजूला लावलीय. काका, आमचंही तेच चाललंय. तुम्ही एकटे नाही." त्यामागून पाच नंबर. "थांबलोय मीपण. मागच्या महिन्यात सायकलवाल्याला आरसा घासला माझा. नाही सांगितलं कुणाला. त्याचा हात सोलवटला होता." मग नऊ नंबर, मग अकरा. एकेक जण आधी "थांबलोय" म्हणायचा आणि मग बोलायचा. कुणी ठरवलं नव्हतं तसं. मॅडम पायरीवर उभ्या राहून ऐकत होत्या.

सगळं शांत झाल्यावर त्या म्हणाल्या, "काका, मला हे लिहावंच लागणार."

"लिहा," काका म्हणाले. "लिहाच." आणि मी तुम्हाला खरं सांगतो, तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या बुटाचं थरथरणं थांबलं. ज्या गोष्टीला ते सगळ्यात जास्त भ्यायले होते ती होऊन गेली होती, आणि त्यांनी सीटला पाठ टेकून असा श्वास सोडला की ड्रमच्या घरघरीतही तो मला ऐकू आला.

पण ड्रममध्ये माल होता ना! लायसन्स मॅडमच्या खिशात, घड्याळ चालू, ड्रम फिरतोय. पाऊण तास उरला होता. प्लांटवरून जीप आली आणि त्यातून उतरले कोण, तर खुद्द साहेब. पूर्वी ते स्वतः गाडी चालवायचे, मोठ्या गाडीचं लायसन्स अजून खिशात होतं. काकांशी नजरानजर झाली. साहेब चढले, सीट पुढे घेतली आणि गिअर टाकला. काका शेजारी बसले.

दोन चौक गेलो असू, तोच साइटच्या मुकादमानं हाक मारली. त्याच्याकडे हातातला छोटा सेट असायचा. मघाशी तो जिन्याखाली गेला होता, तिथे आमचा आवाज धड पोचायचा नाही, त्यामुळे झालेला प्रकार त्याच्या गावीही नव्हता. "सात नंबर, कुठे पोचलात? काँक्रीटचा पंप थांबलाय इथे!"

साहेबांचा हात आपसूक माझ्याकडे आला. नऊ वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता, त्यांनी फक्त लावायला लावला होता. बोटं माइकवर टेकली.

"साहेब, रस्ता बघा," काका म्हणाले.

हात मागे गेला.

"सात नंबर! अहो, झोपलात का?" दुसरी हाक. साहेबांचा गुडघा ताठ झाला. पुढे कुणीतरी आडवं आलं असावं, त्यांनी ब्रेक दाबला, पुटपुटले, घाम पुसला. तिसरी हाक आली तेव्हा हात पुन्हा उचलला गेला होता, अर्ध्यातून त्यांनीच तो खाली नेला आणि स्टिअरिंग घट्ट धरलं. अख्ख्या वाटेत पाच हाका झाल्या. साहेबांनी एकीलाही उत्तर दिलं नाही आणि एकेका हाकेनं ते जरा जरा वाकत गेले. माल वेळेत पोचला, वीस मिनिटं राखून. पंप सुरू झाला, स्लॅब ओतून झाला, आभाळ काही कोसळलं नाही.

परत येताना साहेब इतकंच म्हणाले, "रोज एवढं होतं का हो?"

"रोज," काका म्हणाले.

फळा त्या संध्याकाळीच उतरवला. हे मला दुसऱ्या दिवशी बदलीच्या ड्रायव्हरच्या बोलण्यातून कळलं. नवा नियम असा, की कंट्रोलनं एकच हाक मारायची. ड्रायव्हरला थांबायला धड जागा मिळेल तेव्हा तो गाडी लावेल, हँडब्रेक ओढेल आणि उत्तर देईल. कुणी चालत्या गाडीतून बोलताना कळलं, तर कंट्रोलनं त्याच्याशी बोलायचं नाही. मला काढून टाकायचा विषय निघालाच नाही म्हणे. मी आपला उगीच भंगाराची स्वप्नं बघत होतो.

त्या तीन महिन्यांत काका कंट्रोलवर लेकीशेजारी बसले. गंमत बघा, नऊ वर्षं ज्यांचा आवाज मी इथून बाहेर नेला, त्यांचा आवाज आता बाहेरून माझ्यात यायला लागला. सुरुवातीला त्यांना वाट बघवायची नाही. हाक मारून झाली की मिनिटाभरात दुसऱ्यांदा बटण दाबायचे, आणि मागून लेकीचा आवाज यायचा, "बाबा, हात काढा. थांबला की बोलेल तो." मला हसू यायचं. शिकायला वेळ लागला त्यांना, पण शिकले. शाळेजवळच्या त्या मुलाच्या घरीही बापलेक जाऊन आले, नवं दप्तर घेऊन. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण त्यानंतर काकांच्या आवाजातला घोगरेपणा गेला. डबाही पुरा संपतो म्हणे आता.

गेल्या सोमवारी लायसन्स परत आलं. काका चढले, सीट मागे घेतली, गुडघे स्टिअरिंगला टेकले. माझ्यावरची धूळ त्यांनी बाहीनं पुसली. "काय रे, बरा आहेस ना?" म्हणाले. एवढ्या वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. काय सांगू!

निघालो. वीस मिनिटांनी हाक आली, "सात नंबर." एकदाच. बूट जिथे होता तिथेच राहिला, हात स्टिअरिंगवर. मी श्वास रोखला. एक सिग्नल गेला, पूल गेला, एका जागी थांबायला म्हणून वेग कमी केला तर तिथे टेम्पो उभा, पुढे निघालो. सहा मिनिटं झाली. पलीकडे अकरा गाड्या होत्या, प्लांट होता, साइट होती, पण कुणीही मधे तोंड घातलं नाही. मग पेट्रोल पंपापुढच्या मोकळ्या जागेत गाडी उभी राहिली. हँडब्रेक कर्रकन ओढला गेला.

"सात नंबर. थांबलोय. बोला."

"काही नाही हो," लेक म्हणाली, "साइटचं पुढचं गेट बंद आहे, मागच्यानं आत जा, एवढंच सांगायचं होतं."

एवढंच. मी आठवून बघितलं. दिवसाला वीस-पंचवीस हाका, नऊ वर्षं. गेट बदललंय, पंप आलाय, पोचलात का, किती वेळ, जेवलात का. सहा मिनिटं थांबली नसती अशी एकही हाक मला आठवेना. एकही नाही हो. आणि यांतल्याच एका हाकेपायी एक पोर चाकाखाली जाणार होतं, हातभर अंतरावर वाचलं.

म्हणून तुम्हाला विनंती, हक्कानं करतो. तुमचंही कुणी रस्त्यावर असेल, बाप, भाऊ, लेक, नवरा. हाक मारलीत आणि उत्तर आलं नाही, तर रागावू नका, दुसऱ्यांदा मारू नका. ते माणूस समोर बघतंय, एवढाच त्याचा अर्थ. थांबलं की बोलेल.

आता मी रजा घेतो. काकांनी माइक हुकावर अडकवलाय, हँडब्रेक सोडलाय, ड्रम फिरतोय. साइट अजून अर्ध्या तासावर आहे, आणि तोवर मला कुणी हात लावणार नाही.